घरात हिवाळा काढणाऱ्या कढीपत्त्याची पानं का पिवळी पडतात, का गळतात?

सप्टेंबरअखेर घरात आणलेला कढीपत्ता दिवाळीपर्यंत टवटवीत असतो, आणि संक्रांतीच्या आसपास पानं पिवळी पडायला लागतात. न्यू जर्सी असो, शिकागो असो की टोरोंटो, तक्रार साधारण याच सुमाराला सुरू होते. मग झाडाच्या काळजीपोटी आपण पाणी वाढवतो, खत घालतो, आईने फोनवर सांगितलं म्हणून वाटीभर आंबट ताकही ओततो. फेब्रुवारी संपता संपता कुंडीत नुसत्या काटक्या उरतात आणि सगळे म्हणतात, थंडीने गेलं.

घरात ६८-७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २० सेल्सियस तापमान असताना झाड थंडीने जात नाही. बहुतेक वेळा ते अपुऱ्या उजेडात जास्त पाणी मिळाल्याने जातं. हे एकदा लक्षात आलं की हिवाळ्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचा उलगडा होतो, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं. उरलेल्या तक्रारी किडीच्या असतात, आणि त्यांच्यावर वेगळा इलाज लागतो. तेव्हा हातात पाण्याचं भांडं घेण्याआधी पान नीट बघायचं.

कुठलं पान बिघडलंय?

पान पिवळं आहे, एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते झाडावर कुठे आहे, यावरून मात्र बरंच कळतं.

बुंध्याजवळची जुनी पानं सारखी पिवळी पडून हात लावताच गळत असतील, तर संशय पाणी आणि उजेडावर घ्यायचा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोह मिळत नाहीये किंवा मुळांना ते घेता येत नाहीये. फक्त खिडकीच्या बाजूची किंवा फक्त हीटिंगच्या जाळीकडची पानं खराब असतील, तर दोष त्या जागेचा. पान बोटाला चिकट लागलं तर कीड आहे, मग ती दिसो वा न दिसो. आणि पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके दिसले, तर पान उलटं करून बघा, मागे कोळी, म्हणजे स्पायडर माइट, असण्याची शक्यता दाट आहे.

ही तपासणी दिवसा, खिडकीशी करा. रात्री दिव्याखाली पिवळं आणि हिरवं यांतला फरक कळत नाही. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून पानाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. डोळ्यांना न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी फोटोत दिसतात.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकू: घरात आणल्यावर पहिल्या महिन्याभरात थोडी पानगळ होणारच. उन्हाळाभर अंगणातल्या कडक उन्हात वाढलेली पानं त्या उन्हासाठी घडलेली असतात. घरातल्या उजेडात त्यांचा खर्च झाडाला परवडत नाही, म्हणून झाड ती टाकून देतं. देशातसुद्धा थंडीत कढीपत्त्याची वाढ मंदावते, उत्तर भारतात तर त्याची पानंही झडतात. तेव्हा ऑक्टोबरात दहा-वीस पानं गळली म्हणून घाबरायचं कारण नाही. जानेवारीत रोज मूठभर गळत असतील, तर मात्र पुढचं सगळं वाचा.

खालची पानं पिवळी: उजेड कमी, पाणी जास्त

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मुंबईत दिवस जवळपास ११ तासांचा असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तो सव्वानऊ तासांचा, आणि टोरोंटोत ९ तासांहूनही थोडा लहान. त्यात सूर्य खाली, आभाळ भरलेलं आणि मध्ये दुहेरी काच. खिडकीपासून चार-पाच फूट आत सरकलं की उजेड झपाट्याने घटतो. आपल्या डोळ्यांना ती खोली लख्ख वाटते, कारण बाहुली मोठी होऊन डोळा जमवून घेतो. झाडाला तशी सोय नाही.

उजेड पुरेसा आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास पान आणि खिडकी यांच्या मध्ये हात धरा. पानावर हाताची रेखीव सावली पडली तर ठीक. सावली धूसर असेल तर उजेड जेमतेम, आणि सावलीच पडत नसेल तर ती जागा कढीपत्त्याची नाही.

दक्षिणेकडची खिडकी सगळ्यात चांगली, तिच्यानंतर पश्चिमेची आणि पूर्वेची. उत्तरेच्या खिडकीत कढीपत्ता, लिंबू, मोगरा यांतलं काहीच दिव्याशिवाय तगत नाही. पूर्ण वर्णपटाचा पांढरा एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून साधारण फूटभर उंचीवर लावा आणि टायमरवर १२ ते १४ तास चालू ठेवा. बाजारातले जांभळे-गुलाबी दिवेही चालतात, पण त्या रंगात पानांची तब्येत कळत नाही, म्हणून मी पांढराच सुचवेन. वरची पानं पांढुरकी पडायला लागली तर दिवा वर घ्या. रात्री मात्र बंद, झाडाला अंधारही हवा असतो. कुठल्याही खतापेक्षा, कुठल्याही औषधापेक्षा हिवाळ्यात पैसे खर्च करण्याजोगी वस्तू हीच आहे.

आता पाणी. झाड उजेडात अन्न तयार करतं, आणि ते करताना पानांवाटे पाणी उडतं. उजेड घटला की हे काम मंदावतं, म्हणजे मुळांकडून पाण्याची मागणीही घटते. आपलं हात सैल सोडून पाणी घालणं मात्र जुलैसारखंच चालू राहतं. ओल्या मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि सडायला लागतात. सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होऊन खाली झुकतात. ती बघून वाटतं, अरे, तहानलंय. आणि आपण आणखी पाणी घालतो. हिवाळ्यात बहुतेक झाडं या एका गैरसमजापायी दगावतात.

म्हणून वार ठरवून पाणी घालणं बंद करा. दर रविवारी एक पेला, हा नियम एका कुंडीला कमी पडतो आणि दुसरीला मारतो. बोट दोन पेरं मातीत घाला, किंवा कबाबची लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडी ओलसर, गडद दिसली तर पाणी नको. खालपर्यंत कोरडी निघाली की मग घालायचं, आणि घालायचं तर कुंडीच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत, कोमट. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली तर काडीचीही गरज राहत नाही. उन्हाळ्यात रोज पाणी पिणारं झाड जानेवारीत दोन-दोन आठवडे थांबू शकतं.

मातीवर बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर समजा, वरचा थर सतत ओला राहतोय. त्यांच्या अळ्या कुजलेल्या मातीत वाढतात आणि लहान रोपांची बारीक मुळंही खातात. माती वरून दीड-दोन इंच कोरडी होऊ दिली की निम्मं काम होतं. उरलेल्यांसाठी पिवळे चिकट कागद, आणि डासांच्या अळ्या मारायला बीटीआय जिवाणूचे जे दाणे मिळतात ते पाण्यात भिजवून ते पाणी कुंडीला घालायचं.

झाड बरंच मलूल आहे आणि माती ओलीच आहे, असं असेल तर वाट बघू नका. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. निरोगी मूळ फिकट रंगाचं आणि कडक असतं. सडलेलं मूळ काळपट, मऊ आणि वासाचं असतं, चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून आत दोरा उरतो. तेवढी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, जुनी चिखल झालेली माती झाडून टाका आणि भरपूर परलाइट घातलेल्या ताज्या पॉटिंग मिक्समध्ये लावा. कुंडी तेवढीच, किंवा मुळं बरीच कापली असतील तर लहान घ्या. मोठी कुंडी म्हणजे झाडाला ऐसपैस जागा असं आपल्याला वाटतं, पण ज्या मातीपर्यंत मुळं पोचलेलीच नाहीत, ती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि सड तिथूनच सुरू होते. मागच्या अंगणातली माती कुंडीत भरणंही टाळा. घरात ती दगडासारखी बसते.

शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या

ही लोहाच्या कमतरतेची खूण. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, दोघांनाही किंचित आम्लधर्मी माती लागते, पीएच ६ ते ६.५ च्या घरात. मातीत लोह असतं, पण पीएच ७ च्या वर गेला की ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. पुष्कळ गावांत नळाचं पाणी जड असतं, तेच वर्षभर घालत राहिलं की कुंडीतल्या मातीचा पीएच हळूहळू चढतो.

घरात हिवाळ्यात मात्र आणखी एक कारण असतं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मुळं गार पडलेली असतात. खोलीत ७० अंश दाखवत असलं, तरी पॅटिओ डोअरजवळ फरशीवर ठेवलेल्या कुंडीतली माती ५५ अंशांवर असू शकते. गार मुळं लोहही नीट उचलत नाहीत आणि पाणीही. त्यातून दुपारी काचेतून पानांवर कडक ऊन आलं, तर पानं पाणी मागतात आणि मुळं ते देऊ शकत नाहीत. लिंबाची झाडं अशा वेळी हिरवीगार पानंसुद्धा गाळतात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मातीत खुपसून बघा. ६० च्या खाली आकडा दिसला तर कुंडी फरशीवरून उचलून लाकडी स्टुलावर किंवा जाड थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा. रोपांसाठी मिळणारी उबदार चटई कुंडीखाली घातली तर फारच छान. एवढ्यानेच पुढची पानं हिरवी आल्याचं अनेकदा दिसतं, लोह न घालता.

माती उबदार असूनही पिवळेपणा जात नसेल, तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, पाण्यातून द्या. डब्यावर ईडीटीए लिहिलेलं लोह आम्लधर्मी मातीत उपयोगी पडतं. पाणी जड आणि माती अल्कधर्मी असेल तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या, ते जास्त पीएचलाही टिकतं. प्रमाण डब्यावरचंच पाळा. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नवी फूट कशी येते ते बघायचं.

पाण्याबद्दल एक बर्फाच्या प्रदेशातली सोय सांगते. स्वच्छ बर्फ बादलीत भरून घरात वितळू द्या आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर झाडाला घाला. हे पाणी मऊ असतं, क्षार नसतात. ड्राइव्हवेजवळचा बर्फ मात्र घेऊ नका, त्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं. घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर त्याचं पाणीही झाडांना नको, कारण त्यात पाण्याचा जडपणा काढताना सोडियम येतं. बाहेरच्या नळाला सहसा सॉफ्टनर जोडलेला नसतो, पण तो थंडीत बंद ठेवावा लागतो, म्हणून थंडीपुरतं बर्फाचं पाणी खरंच कामी येतं.

आता ताक. गावाकडे अंगणातल्या कढीपत्त्याला आंबट ताक घालतात आणि तिथे ते शोभतंही. तिथे जमीन मोकळी, ऊन भरपूर, मातीतले जिवाणू जोरात कामाला लागलेले. इथे जानेवारीत बंद खोलीत, आठ इंचांच्या कुंडीत ते ताक नुसतं कुजतं, वास सुटतो आणि चिलटं वाढतात. ताक घालायचंच असेल तर जूनमध्ये, झाड बाहेर असताना, भरपूर पाणी मिसळून घाला.

खताचंही तेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत बंद. वाढ थांबलेल्या झाडाला दिलेलं खत मातीत क्षार होऊन साठतं, वर पांढरी खपली धरते आणि पानांची टोकं करपतात. दिव्याखाली झाड नवी फूट देत असेल तरच अगदी पातळ द्यावं. मार्चमध्ये पालवीचे कोंब दिसले की लिंबू-संत्र्यासाठीचं खत सुरू करा.

पान चिकट, खालच्या फरशीवरही चिकट थेंब

हे खवले किडीचं काम. फांदीवर किंवा पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी, चपटे, अंडाकृती ठिपके दिसतात. हलत नाहीत, म्हणून ते झाडाचाच भाग वाटतात. नखाने खरवडा, सुटून आले तर कीड. ती रस शोषते आणि गोड चिकट स्राव टाकते. त्या स्रावावर पुढे काळी बुरशी धरते, पान काजळी लागल्यासारखं दिसतं. बुरशी पानाच्या आत शिरत नाही, ओल्या कापडाने पुसली जाते, पण ती उजेड अडवते, आणि उजेडाची आधीच वानवा आहे.

कापसासारखे पांढरे पुंजके पानाच्या बेचक्यात दिसले तर तो पिठ्या ढेकूण. दोन्हींवर इलाज जवळपास सारखाच.

पहिल्यांदा झाड वेगळ्या खोलीत न्या. फार किडलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कापसाची काडी ७० टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक खवल्याला लावा आणि जुन्या मऊ टूथब्रशने तो काढून टाका. काम किचकट आहे, तासभर लागतो, पण याला पर्याय नाही. मोठ्या खवल्यावर मेणचट कवच असतं, वरून नुसती फवारणी केली तर ते आत सुखरूप राहतात. हाताने साफ केल्यावर झाड शॉवरखाली धुवा, माती ओली होऊ नये म्हणून कुंडीला प्लास्टिकची पिशवी बांधा. मग हॉर्टिकल्चरल ऑइल किंवा कीटकनाशक साबण, पानांच्या दोन्ही बाजूंना, फांद्यांना, बेचक्यांत. पानावर ऊन असताना फवारू नका, करपतं. भांडी घासायचा साबण याला पर्याय नाही, त्यातले घटक कोवळी पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल चालतं, पण आधी दोन-चार पानांवर लावून दोन दिवस बघा.

एका फेरीत कीड संपत नाही. अंडी वाचतात, त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं बाहेर पडून झाडावर पसरतात. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी, दीड-दोन महिने. पानं चिकट होणं थांबलं की आणखी दोन फेऱ्या करून मग थांबा.

आणि ही गोष्ट मी हात जोडून सांगते. बागकामाच्या दुकानात मातीत मिसळायचे दाणे मिळतात, एकदा घातले की दोन महिने कीड नाही, असं डब्यावर लिहिलेलं असतं. त्यातल्या पुष्कळ दाण्यांत इमिडाक्लोप्रिड असतं. ते मुळांतून वर चढून प्रत्येक पानात उतरतं, धुऊन जात नाही. शोभेच्या झाडांसाठीचे ते दाणे कढीपत्त्याला, तुळशीला, लिंबाला, अळूला कधीही घालू नका. ही पानं आपल्या फोडणीत जाणार आहेत, मुलांच्या ताटात जाणार आहेत. जे काही वापराल त्याच्या लेबलवर खाण्याच्या झाडांसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. एखाद्या ओळखीच्याने झाड दिलं असेल, तर त्यात असं काही घातलंय का ते विचारून घ्या.

फिकट ठिपके आणि बारीक जाळी

हीटिंग सुरू झालं की घरातली हवा कोरडी पडते, कडाक्याच्या थंडीत आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. या हवेत कोळी फोफावतो. हा किडा नव्हे, कोळ्याच्याच जातीचा आठ पायांचा जीव, टाचणीच्या टोकाहूनही लहान. पानाच्या मागे बसून एकेक पेशी शोषतो, म्हणून वरच्या बाजूला फिकट ठिपक्यांची रांगोळी उमटते. पुढे पान राखाडी-पिवळं होतं आणि बेचक्यांत बारीक जाळी दिसते. जाळी दिसली म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं.

खात्री करायला पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी झटका. कागदावर पडलेले कण चालायला लागले, तर कोळीच.

उबदार कोरड्या हवेत याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होऊ शकते, म्हणून इथे आळस चालत नाही. झाड बाथटबमध्ये ठेवून पानांच्या मागच्या बाजूला जोराच्या पाण्याने धुवा. नुसतं पाणीसुद्धा निम्म्याहून जास्त कोळी वाहून नेतं. नंतर कीटकनाशक साबण फवारा. तो ओला असताना अंगाला लागला तरच मारतो, वाळल्यावर त्याचा उपयोग नाही, म्हणून मागची बाजू पूर्ण भिजली पाहिजे. दर पाच दिवसांनी, चार वेळा तरी. शेजारच्या मोगऱ्यालाही त्याच दिवशी धुवा, कारण कोळी एका झाडावर क्वचितच थांबतो.

पानांवर रोज स्प्रेने पाणी मारल्याने आर्द्रता वाढत नाही, काही मिनिटांत ते उडून जातं. ह्युमिडिफायर लावून खोली ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. आपल्या घशालाही बरं वाटतं.

करपलेल्या कडा, काळे चट्टे

हीटिंगच्या जाळीवरची गरम हवा सरळ लागत असेल तर त्या बाजूच्या पानांच्या कडा कुरकुरीत होतात. झाड हलवा, किंवा जाळीवर हवेची दिशा वळवणारं प्लास्टिकचं झाकण बसवा. काचेला टेकलेली पानं काळी पडली तर तो गारठ्याचा चटका, झाड वीतभर आत घ्या. दार सतत उघडणाऱ्या मडरूममध्ये किंवा न तापवलेल्या सनरूममध्ये रात्री तापमान किती उतरतं ते एकदा बघाच. ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सियसच्या खाली कढीपत्ता वाढ थांबवतो आणि पानं टाकतो.

सगळ्या झाडाची टोकं सारखीच तपकिरी असतील तर क्षार साठलेत. कुंडी सिंकमध्ये ठेवून कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी सावकाश वाहू द्या आणि पूर्ण निथळू द्या.

इतर झाडांबद्दल थोडक्यात

जास्वंद घरात आल्यावर पिवळी पानं ढीगभर टाकते, ती नव्या उजेडाला सरावते आणि दिव्याखाली पुन्हा पालवते. तिच्या कळ्यांवर मावा आणि पानांमागे पांढरी माशी येते, दोन्ही साबणाने आटोक्यात येतात. मोगऱ्याला थोडी गार खोली आवडते, ६० अंशांच्या आसपास, पण ऊन मात्र भरपूर हवं. अनंताच्या कळ्या न उमलता गळतात, त्याला कोरडी हवा आणि सारखी जागा बदलणं सोसत नाही, म्हणून त्याला एका जागी ठेवा.

हळद आणि अळू यांची पानं शरदात पिवळी पडून वाळली तर इलाज करत बसू नका. त्यांची ती विश्रांतीची वेळ. पानं कापा, पाणी जवळजवळ बंद करा, कुंडी गारठणार नाही अशा जागी ठेवा आणि मार्चमध्ये पुन्हा पाणी सुरू करा. आंबेहळदीलाही हेच.

तुळस हळवी असते. मंजिऱ्या वाळू देऊन सप्टेंबरातच बी धरून ठेवा. दिव्याखाली ती राहिली तर आनंदच, पण ती राहील या भरवशावर बी टाकून देऊ नका.

काटक्याच उरल्या असतील तर

फेकू नका. बुंध्याची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. वरून खाली असं तपासत जा आणि जिथून हिरवं लागतं त्याच्या जरा वरपर्यंतचा वाळलेला भाग छाटा. पानं नसलेल्या झाडाला पाणी फारच कमी लागतं, महिन्यातून एकदा-दोनदा, आणि खत अजिबात नाही. कढीपत्ता मुळांतूनही फुटवे काढतो, म्हणून जूनपर्यंत धीर धरा.

नवं रोप घ्यायची वेळ आलीच तर जवळच्या परवानाधारक नर्सरीतून किंवा त्याच भागातल्या कुणाकडून घ्या. भारतातून येताना रोप किंवा ताजी पानं सामानात आणू नका, अमेरिकेत त्याला बंदी आहे. फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्निया अशा राज्यांतल्या क्वारंटाइन भागांतूनही रोप बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. कारण गंभीर आहे: लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा सायला नावाचा किडा कढीपत्त्यावर राहतो. २००५ साली फ्लोरिडात हा रोग सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांचं अतोनात नुकसान झालं.

पुढच्या वर्षी हीच वेळ येऊ नये म्हणून तयारी सप्टेंबरात करायची. रात्रीचं तापमान ५५ अंशांवर यायला लागलं की पहिले दोन आठवडे झाड सावलीत ठेवा, म्हणजे कमी उजेडाची सवय बाहेरच होते. थोडी छाटणी करून ती पानं धुऊन, कोरडी करून फ्रीझरमध्ये ठेवा, हिवाळाभर फोडणीला ती वापरा आणि घरातल्या झाडाचं एकही पान खुडू नका. घरात आणायच्या आधी झाड मुळापासून शेंड्यापर्यंत धुवा, साबण फवारा आणि इतर झाडांपासून दोन-तीन आठवडे लांब ठेवा. जानेवारीतली बहुतेक कीड आपणच ऑक्टोबरात पानांमागे बसवून घरात आणलेली असते.

आणि मे महिन्यात बाहेर काढताना घाई नको. रात्री ५५ च्या वर स्थिरावल्या की पहिला आठवडा दाट सावलीत, दुसरा आठवडा फक्त सकाळच्या उन्हात, मग पूर्ण ऊन. हिवाळाभर जपलेली पानं पहिल्याच दिवशी कडक उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत त्यांवर पांढरे चट्टे उठतात, आणि ते परत हिरवे होत नाहीत.